केळंबेकरांच्या खोलीतली बाई

दिवा (पूर्व)
९ जानेवारी २०२५

मनू,

हे राखीचं पाकीट नाही, घाबरू नकोस. दर वर्षी राखी पाठवते, तुझं उत्तर येत नाही. पण पाकीटही परत येत नाही, म्हणजे इचलकरंजीचा पत्ता तोच असणार. फोन नुसता वाजत राहतो. पत्र मात्र माणूस उघडतोच, आणि तू तर लहानपणी दुसऱ्यांचीही उघडायचास.

आधी कामाचं लिहिते. लालबागची आपल्या गावाची खोली आहे ती चाळ आता पडणार. तिथे टॉवर होणार आणि प्रत्येक खोलीवाल्याला नवीन घर मिळणार. आपल्या खोलीची भाडेपावती अजून बाबांच्या नावावर आहे. खोली गावाची, हे तुला-मला माहीत. त्या काळी घरमालक आपल्या गावच्या मंडळाच्या नावानं पावती द्यायला तयार नव्हता. एक माणूस सांगा, म्हणाला. बाबा खोलीचे कारभारी होते म्हणून पावतीवर दगडू घाडी हे नाव चढलं. भाडं मात्र साऱ्या केळंबे गावानं दर महिन्याला माणशी फाळा काढून भरलं. कायद्याला फाळा दिसत नाही, पावती दिसते. म्हणून आता त्या खोलीचे वारस कोण, तर तू आणि मी. आपल्या दोघांना त्या घरात कुणी कधी आत घेतलं नाही, आणि आता आपण मालक! बाबा असते तर त्यांनी कपाळावर हात मारला असता.

परवा दौलत आला होता. वरच्या वाडीतला, तुझ्या वर्गातला, आता मंडळाचा सेक्रेटरी आहे. खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाला, "सुभद्रा, नवी जागा गावाच्या नावार करूची तर तुमच्या दोघांची सही होयी. मनू माका उभो करूचो नाय. तूच लिही." मी हो म्हटलं.

तू चिडशील हे धरूनच लिहितेय. लग्न करून तू मायाला घेऊन सरळ तिथे गेलास आणि दोन दिवसांपुरता आसरा मागितलास. बाबा दारातच म्हणाले, "खोलीत बाईमाणूस रवत नाय. नियम सगळ्यांका एकच." मी तेव्हा मयूरच्या वेळी बाळंतपणाला गावी होते. परत आले तोवर तू इचलकरंजीला मागावर बसलाही होतास. हे मी तुला सांगायला नको. पण आजवर कधी लिहिलं नव्हतं, आज लिहिलं. ज्या उंबऱ्यावरून तुला परत पाठवलं त्याच उंबऱ्यासाठी मी तुझी सही मागतेय, हे मला कळतं.

पत्ता बघून दचकला असशील. आमची डिलाईल रोडची चाळही टॉवरसाठी पाडली. टॉवरच्या जागी सध्या खड्डा आहे, त्यात पाणी आहे आणि भोवती निळे पत्रे आहेत. तोपर्यंत मयूर, सून दर्शना, नात नूपुर आणि मी इथे भाड्यानं राहतो. छान आहे. हवा येते. मी हॉलमध्ये झोपते, सगळ्यांचा टीव्ही बघून झाला की.

सही पाठव. मायाला नमस्कार सांग. पहिल्यांदाच सांगतेय, ते तिच्या लक्षात येईल.

अक्का


लालबाग
२ फेब्रुवारी २०२५

मनू,

तुझं काहीच आलं नाही. हरकत नाही. पण पत्ता पुन्हा बदललाय तेवढं कळवते. मी खोलीत राहायला आलेय. हो, त्याच खोलीत. बस जरा, मग पुढे वाच.

झालं असं की बिल्डरच्या माणसानं खोली बघितली आणि म्हणाला, हे घर नाही, हा तर क्लब आहे. भिंतीला ट्रंका, ट्रंकेवर ट्रंका, खिळ्याखिळ्यावर एकेकाच्या शर्टाचं ओझं, कोपऱ्यात रवळनाथाची तसबीर. राहणारे कोण, तर एक सिक्युरिटीत, एक कुरियरमध्ये आणि एक कुणीतरी आजारी. पावतीवरच्या नावाच्या रक्ताचं कुणी इथे राहतं का? नाही. मग कसला हक्क? सर्व्हे व्हायचा होता. मंडळाची तातडीची मीटिंग झाली, आणि जे ठरलं ते सांगायला दौलत पुन्हा दिव्याला आला. या वेळी त्याला खुर्चीवर बसवतही नव्हतं. "सुभद्रा, तू थोडे दिवस थंय येवन रव. तुझी भांडी-बिंडी घेवन. घर वाटाक होया."

मी विचारलं, "आणि नियम?" तो म्हणाला, "नियम खोली ऱ्हवली तर ना गो!"

मी हसले बघ. किती वर्षांनी असं पोट धरून हसले. बाई राहिली तर खोली बाटते असा ज्यांचा नियम, त्यांची खोली वाचायला आता बाईच हवी. दर्शना आतून म्हणाली, "आई, जा तुम्ही. चेंज होईल." तिनं माझी पिशवी भरलीसुद्धा. चांगली आहे रे ती. पण पिशवी फार लवकर भरली.

आले आणि दारातच थांबले. सवय. लग्नानंतर दर रविवारी डिलाईल रोडवरून बाबांना माशाचं कालवण आणायचे. बाबा उंबऱ्यावर येऊन डबा घ्यायचे, रिकामा डबा हातात द्यायचे, आणि "जा आता, उशीर होतोय" म्हणायचे. आत काय आहे ते त्यांच्या खांद्यावरून जेवढं दिसेल तेवढंच. आता आत पाऊल टाकलं तर लक्षात आलं, खोली लहान आहे. बाबा दारात उभे असले की मोठी वाटायची.

ती तीन माणसं खालच्या मजल्यावर शेजारच्या गावाच्या खोलीत झोपायला गेली. आपल्या गावाची माणसं आयुष्यभर खानावळीत जेवली, या खोलीत कधी चूल पेटली नाही. मी स्टोव्ह पेटवला आणि कुळथाची पिठी टाकली. जरा वेळानं बघते तर तिघं गॅलरीत उभे. त्यातला आजारी आहे तो म्हणाला, "मावशी, खोलयेक घराचो वास येता." मी तिघांना वाढलं.

मी मागे हॉल छान आहे असं लिहिलं होतं ना? छान आहे. पण तिथे माझी उशी सकाळी सोफ्यामागे जाते आणि मी स्वयंपाकघराच्या दारात जाते, आणि दिवसभर कुणाच्या वाटेत नाही ना, हे बघत असते. इथे उशी दिवसाही जागेवरच असते. एवढंच लिहायचं होतं.

अक्का


लालबाग
२३ फेब्रुवारी २०२५

मनू,

सर्व्हे झाला. हे पत्र मायाला वाचून दाखव. तू हसणार नाहीस, ती तरी हसेल.

त्या दिवशी मी सकाळी बाजारात गेले होते. परत येते तर दौलतनं आणि मंडळाच्या दोघातिघांनी खोलीचं 'घर' करून ठेवलेलं. आयुष्यात ज्यांनी कधी घर केलं नाही अशा पुरुषांनी केलेलं घर कसं असतं ते बघायचं असेल तर यायला हवं होतंस. नवा कुकर, त्यावरचं स्टिकर तसंच. फळीवर ओळीनं कप, सगळ्यांचे कान एकाच दिशेला, शाळेतल्या प्रार्थनेसारखे. दोरीवर पाच साड्या वाळत घातलेल्या, चाळीतून उसन्या आणलेल्या, आणि त्यात एक शालू! मी म्हटलं, "दौलत, शालू धुवून वाळत कोण घालतं?" तो म्हणाला, "माका काय ठावक, माका साडी दिसली." आणि मधोमध पाळणा. लाकडी, घुंगरांचा. घरात मीठ नव्हतं, पण पाळणा होता.

ट्रंका मात्र कुणी हलवल्या नाहीत. सगळ्यांवर मोठ्या अक्षरात 'मु. पो. केळंबे' लिहिलेलं. त्या त्यांना दिसल्याच नाहीत. आयुष्यभर बघितलेलं माणसाला दिसत नाही.

सर्व्हेच्या बाई आल्या. तरण्या, डोळ्यांवर चष्मा, हातात टॅब. त्यांनी शालूकडे बघितलं, ट्रंकांकडे बघितलं, मग पाळण्यात डोकावल्या. "बाळ कुठंय?"

दौलत म्हणाला, "झोपलाहा."

"कुठे?"

आता पाळणा सोडून बाळ कुठे झोपणार? दौलत घामाघूम. इकडे तिकडे बघतोय, जणू ट्रंकेतून एखादं निघेल. मला दया आली, आणि रागही आला, की मी इतके दिवस इथे रांधतेय, झाडतेय, झोपतेय, आणि यांना घर दाखवायला पाळणा लागतो. मी म्हटलं, "बाई, बाळ नाही. पाळणा उसना आहे आणि साड्याही उसन्या आहेत. मी मात्र खरी आहे. सुभद्रा, दगडू घाडींची मुलगी. मी इथे राहते. ही माझी उशी, ही गोळ्यांची डबी, आणि ही आमटी उतू जातेय, ती आधी बघू का?"

त्या हसल्या. मला दारात उभं करून फोटो काढला आणि टॅबवर लिहिलं. मी वाकून वाचलं. 'राहणार : सुभद्रा, मयत भाडेकरूची मुलगी.' मंडळाचं नाव कुठेच नाही.

त्या गेल्यावर सगळे खूश. खोली वाचली! पेढे आले. दौलत एकटाच पेढा हातात धरून उभा होता. त्याच्या उशिरानं लक्षात आलं असावं. आपल्याच हातानं मला आणून बसवलं, कागदावर चढवलं, आणि आता कागद म्हणतो खोली हिची. जाताना म्हणाला, "भटाला दिली ओसरी, तशी गत करू नको हां सुभद्रा." मी म्हटलं, "छे रे, माझे पायच दुखतात. पसरू कुठले?"

तसं म्हटलं खरं. पण तो गेल्यावर पाय पसरून बसले होते मी, मनू. आणि बरं वाटत होतं.

अक्का


लालबाग
१६ मार्च २०२५

मनू,

बिल्डरच्या ऑफिसात जाऊन आले. गल्लीच्या तोंडाशीच एसी लावून बसलेत. काचेखाली नव्या टॉवरचा नमुना आहे. आत इवले दिवे, इवली झाडं, इवल्या गाड्या. पुढे दोन उंच टॉवर, ते विक्रीचे. मागे एक ठेंगणा. तिथल्या मुलीला विचारलं, "आमचं कुठलं?" तिनं मागच्याकडे बोट दाखवलं. गणपतीच्या मागे कापडाआड सामान ठेवतात, तशी आमची इमारत.

तिनं नमुन्याचं घरही दाखवलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि संडास आतच. संडासाचं दार मी उघडून बघितलं, लावून बघितलं, पुन्हा उघडलं. गॅलरीच्या टोकापर्यंत बादली घेऊन जाणाऱ्या गुडघ्यांना विचार, टॉवर हवा की नको. चाळीत कसं सुख होतं म्हणून गळे काढणारे सगळे आता फ्लॅटमध्ये राहतात. मला हवं ते घर. स्पष्ट सांगते.

तिथली मुलगी म्हणत होती, "आजी, या प्लॉटवर आता पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त घरं होणार. शहराला घरांची गरज आहे ना." खरंच आहे. मी बालवाडीत शिकवायचे, मला बेरीज येते. पण घरी येताना वाटेत विचार करत होते. बाबांच्या वेळी या एका खोलीत आपलं अख्खं गाव मावायचं. दिवसपाळीचे उठले की रात्रपाळीचे त्याच चटईवर आडवे. जो नवीन येईल त्याला खिळा मिळायचा, पहिला पगार होईपर्यंत फाळा माफ. घरं नव्हती तेव्हा माणसं आत येत होती. आता घरं वाढताहेत आणि माणसं दिव्याला चाललीत. मी घरांच्या विरुद्ध नाही रे. पण त्या काचेखालच्या नमुन्यात पिशवी घेऊन आलेला माणूस कुठे उतरायचा, ते मला सापडलं नाही.

हे मी दौलतला बोलून दाखवलं, तेव्हा त्यानं पोटातलं सांगितलं. नवीन घर मंडळाच्या नावावर झालं की ते विकायचं आणि गावात देवळापुढे सभामंडप बांधायचा, असं ठरलंय. "आता मुंबैक येता कोण गो? पोरां गोव्याक जातत, पुण्याक जातत. खोली कोणाक होयी?" तो काही लबाड नाही. त्याचंही बरोबर असेल. पण मला हे आधी सांगितलं नव्हतं, आणि मी तुला पहिल्या पत्रात गावासाठी म्हणून सही मागितली होती.

दुसरं म्हणजे मयूर येऊन गेला. रविवारी आला, दर्शना आणि नूपुर बरोबर. आंबोळ्या खाल्ल्या. मग म्हणाला, "आई, सिंपल आहे. मामा सही करत नसेल तर नको करू दे. तुझं नाव सर्व्हेत आलंय. घर तू घे आणि माझ्या नावावर कर. आपली चाळ कधी उभी राहणार देवालाच माहीत. नूपुरची शाळा, माझं ऑफिस, सगळं इथून जवळ. गावाचं काय घेऊन बसलीस? गाव तुला आत तरी घेत होतं का?"

घेत नव्हतं. मी म्हटलं, "बघते." दर्शना भांडी घासत होती, ती मागे न वळता म्हणाली, "आई, तिथे तुम्हाला तुमची खोली देऊ आम्ही." ती मनापासून म्हणाली. पण 'देऊ' म्हणाली.

तू अजून गप्प आहेस. या वेळी मी सही मागत नाही. काय करावं तेवढं सांग.

अक्का


लालबाग
६ एप्रिल २०२५

मनू,

मायाचा फोन आला. तू शेजारी बसला होतास हे मला कळलं. तुझा खोकला बाबांसारखा आहे.

ती म्हणाली, "अक्का, हे बोलणार नाहीत. पण सही करतील म्हणतात. हक्क सोडतील, तुमच्या एकटीच्या नावानं. गावाच्या नाही." मग म्हणाली, "एक विचारू? खोलीला खिडकी आहे का हो? मी दारातूनच बघितली होती. तेव्हापासून मनात आहे, की आत उजेड कुठून येत असेल."

मनू, चाळीस वर्षं ती बाई हे मनात धरून बसली. तिनं शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. मी तिला सांगितलं, आहे, ट्रंकांच्या मागे आहे, कुणी कधी उघडलेली दिसत नाही. फोन ठेवला आणि मी रडले. सांगायला लाज वाटत नाही.

मग ट्रंका ओढल्या. खालची तीन माणसं मदतीला आली. खिडकी गंजलेली, ती उघडायला हातोडी लागली. बाहेर काही बघण्यासारखं नाही, पलीकडच्या कारखान्याचं पत्र्याचं छप्पर आणि त्यावर झोपलेली मांजरं. पण उजेड आला.

आणि त्याच आठवड्यात प्राची आली. दुपारी दारात एक मुलगी, पाठीवर सॅक, हातात आंब्याची पेटी. "मी खालच्या वाडीतली, तात्या गुरवांची नात. परळच्या हॉस्पिटलात नर्स म्हणून नंबर लागलाय. हॉस्टेल दोन महिन्यांनी मिळेल म्हणतात." मग खाली बघून म्हणाली, "आजोबांनी सांगितलं, गावाची खोली आहे पण मुलींना चालत नाही. तरी विचारून बघ म्हणाले. इथे आता कुणी बाई राहते असं गावात कळलंय."

गावात कळलंय! ऐकलंस? दौलत म्हणत होता, आता मुंबईला येतं कोण. येणारे येताहेत की. फक्त ते मुलगे नाहीत, म्हणून याला दिसत नाहीत.

मी तिला आत घेतलं. विचार वगैरे काही केला नाही. पेटी उतरव म्हटलं, पाय धू म्हटलं, खिळा दाखवला. बाबांचा खिळा होता तो. तिनं त्यावर पांढरा एप्रन अडकवला.

दौलतला बातमी लागायला कितीसा वेळ? दोघांना घेऊन आला. "सुभद्रा, तुझी गोष्ट येगळी. तू सर्व्हेपुरती. पण आता ह्या चेडवाक ठेवलंस, उद्या आणखी येतली. नियम आसा."

मी म्हटलं, "याच नियमानं माझा भाऊ गेला. बाबा मरेपर्यंत या दाराकडे तोंड करून झोपायचे, तुम्हीच सांगितलंत मला. तरी नियम मोडला नाही म्हणून तुम्ही त्यांचा फोटो मंडळाच्या अहवालात छापलात. आणि आता घर विकायला निघालात, तेव्हा बाबांचा नियम आठवत नाही?"

"ता गावासाठी गो."

"ही पण गावच आहे."

दौलत बसला आणि पाणी मागितलं. प्राचीनं आणून दिलं. ते घेताना त्यानं तिचं तोंड नीट बघितलं आणि म्हणाला, "तात्याची काय गो तू? नाक तात्याचा." पाणी प्यायला. पण हो म्हणाला नाही.

तू मला उत्तर दिलंस. सही म्हणजे नुसतं उत्तर नसतं हे मला कळतं. तू म्हणतोस, घे, तुझं आहे. आता मला ठरवायला हवं.

अक्का


लालबाग
४ मे २०२५

मनू,

तुझे कागद आले. सगळीकडे सही आहे, एक ओळ सोबत लिहिली असतीस तर हात मोडला नसता. असो. ते जोडून नव्या घराचा करार झाला. माझ्या एकटीच्या नावानं. आता काय ठरवलं ते तुला पहिल्यांदा सांगायला हवं होतं, पण मयूरला आधी सांगावं लागलं, म्हणून तुझा नंबर दुसरा.

मयूरला सांगितलं, मी आहे तोवर घर माझं. मी त्यात राहणार. गावातून कामाला, शिकायला, औषधाला जो येईल, बाई असो की बुवा, त्याला एक खिळा मिळणार. माझ्यामागे घर मंडळाचं. विकायचं नाही आणि बाईला परत पाठवायचं नाही, या दोन अटी वकिलाकडून लिहून घेतल्यात. तू, दर्शना आणि नूपुर कधीही या, हवं तितकं राहा. पण नावावर नाही.

तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "म्हणजे गावाच्या पोरींना घर, आणि मला नाही." मी म्हटलं, "तुझं डिलाईल रोडला होतंय ना रे." तो म्हणाला, "तिथे खड्डा आहे, आई." चहा न घेता गेला. फोन उचलत नाही. दर्शना उचलते, बोलते, आणि शेवटी हळू आवाजात म्हणते, थोडा वेळ द्या.

मनू, मला भीती वाटते. बाबांनी गावासाठी मुलगा घालवला. मी तेच करतेय का? रोज स्वतःला विचारते. एवढाच फरक सापडतो, की बाबांनी दार लावलं होतं आणि मी उघडं ठेवलंय. हा फरक मयूरला कधी कळेल, की कळणारच नाही, ते माहीत नाही. तू चाळीस वर्षं घेतलीस. माझ्याकडे तेवढी नाहीत. तू त्याचा मामा आहेस. तुला जमलं तर त्याला एक फोन कर. न बोलण्यातलं तुला सगळ्यांत जास्त कळतं, निदान ते तरी त्याला सांग.

मंडळाचं म्हणशील तर त्यांच्या दोन मीटिंगा झाल्या. पहिलीत मला बोलावलं नाही, दुसरीत बोलवावंच लागलं, कारण ती माझ्या घरात होती. आरडाओरडा झाला. कुणी म्हणालं कोर्टात जाऊ, कुणी म्हणालं दगडूच्या पोरीनं गावाला टोपी घातली. ज्यांना मी पिठी वाढली ते तिघं माझ्या बाजूनं बोलले, त्यातला आजारी आहे तो तर उभा राहून बोलला. दौलत शेवटपर्यंत मंडळाची वही चाळत बसला होता. उठताना म्हणाला, "पुढच्या रविवारी बघूया." म्हणजे काय ते मलाही कळलं नाही.

आज तो रविवार होता. सकाळची वेळ, प्राचीची रात्रपाळी झाली होती. ती नुकतीच न्हाऊन ओले केस सोडून खिडकीशी बसलेली. मी तिच्या केसांतून कंगवा फिरवत होते. दार नेहमीसारखं सताड उघडं. जिन्यावर चपला वाजल्या. पाच-सहा माणसं असावीत. इतकी वर्षं आपल्या गावचा माणूस जिना चढला की थेट आत येतो, खिळ्याला शर्ट लावतो आणि ट्रंकेवर बसतो. मी वाट बघत होते. पण चपलांचा आवाज दाराशी येऊन थांबला.

कुणी आत आलं नाही. दौलत खाकरला. उंबऱ्याच्या पलीकडे उभा राहून, मान दुसरीकडे वळवून त्यानं विचारलं, "सुभद्रा, येव काय गो भितर?"

माझा हात थांबला. पण मी लगेच 'या' म्हटलं नाही. म्हटलं, "थांबा जरा." तिचे केस लांब आहेत रे, आणि गुंता फार झाला होता. शेवटचा पेड घालून होईपर्यंत ते सगळे गॅलरीत उभे होते.

अक्का